प्राथमिक स्तरावरील कर्सिव्ह लेखनाचे अध्यापन : मराठी माध्यमाच्या शाळांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांच्या भिंतींवर जी बोधवाक्ये रंगवलेली असतात, त्यांत सुंदर अक्षराला दागिन्याची उपमा देणारे एखादे वाक्य हमखास आढळते. उपमा गोड आहे, परंतु हस्ताक्षराच्या अध्यापनाची दिशा तिने बरीच चुकवली आहे. दागिना तयार करून अंगावर घालायचा असतो आणि तो दुसऱ्याने पाहावा अशी अपेक्षा असते. लेखन ही हाताची क्रिया आहे. ती विचाराबरोबर चालावी लागते आणि ती चालत असताना लिहिणाऱ्याचे लक्ष अक्षराकडे जाऊ नये, अशी अपेक्षा असते. इंग्रजीच्या कर्सिव्ह लेखनाला, म्हणजे शब्दातील अक्षरे एकमेकांना जोडून, शक्यतो लेखणी न उचलता केलेल्या लेखनाला, हे विशेषत्वाने लागू पडते. कर्सिव्हची सर्व रचना गतीसाठी झाली आहे आणि शाळेत मात्र ती शोभेसाठी शिकवली जाते. या विसंगतीतून मुलांचे जे नुकसान होते त्याचे स्वरूप तपासणे आणि पर्यायी अध्यापनपद्धतीची दिशा दाखवणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक वाटतो. ‘कर्सिव्ह’ला मराठीत जोडाक्षरी लेखन म्हणण्याचा मोह होतो, परंतु मराठीत जोडाक्षर म्हणजे ‘क्त’, ‘स्थ’, ‘र्म’ यांसारखे व्यंजनसंयोगाचे अक्षर. तेथे दोन ध्वनी जोडले जातात, कर्सिव्हमध्ये फक्त दोन आकार. म्हणून प्रस्तुत लेखात ‘कर्सिव्ह’ हाच रूढ शब्द वापरला असून, गुणवाचक म्हणून ‘सलग लेखन’ असा प्रयोग केला आहे.

मराठीतील दोन वळणे

सलग लेखन ही मराठी समाजाला इंग्रजांनी दिलेली गोष्ट आहे असा समज असल्यास तो टिकणारा नाही. मराठीला स्वतःचे सलग लेखन अनेक शतके होते. त्याचे नाव मोडी. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे या लिपीचे श्रेय देण्याची परंपरा आहे. परंपरेचा भाग बाजूला ठेवला तरी बहामनी, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी मोडीची वळणे अभ्यासकांनी कागदपत्रांच्या आधारे निश्चित केली आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी दफ्तरांत वापरात होती आणि प्राथमिक शाळांतूनही शिकवली जात होती.

मोडीची रचना लेखणी न उचलण्याच्या गरजेभोवती उभी आहे. शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर देण्याऐवजी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधीच ओढून घेतली जाते आणि अक्षरे तिच्याखाली लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून दिला आहे. शब्दांत अंतर ठेवलेले नसते. काना, वेलांटी, उकार हे अक्षराच्या शेवटच्या फटकाऱ्यातूनच निघतात, त्यासाठी हात मागे न्यावा लागत नाही. ‘मोडणे’ या क्रियापदाशी तिचे नाव जोडले जाते, आणि फारसीतील वेगवान लिपीलाही ‘शिकस्ता’, म्हणजे मोडलेली, असेच म्हणतात. अक्षराचा ठाशीव आकार मोडल्याखेरीज गती येत नाही, ही जाणीव दोन्ही नावांत आहे.

याच्या उलट बाळबोध, म्हणजे देवनागरी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे आणि हस्ताक्षराच्या अध्यापनावर मराठीत इतके नेमके विवेचन क्वचितच झाले असेल. समर्थ रामदासांनी तेथे अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळीला ओळ लागू नये, भोवती समास सोडावा, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असे सांगितले आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकार ठेवावा, हा सल्ला तर आजच्या कोणत्याही लेखनशिक्षकाने उचलावा असा आहे. मात्र हा विचार पोथीच्या अक्षराचा आहे. पोथी जपायची असते, अनेकांनी वाचायची असते. पत्र, हिशेब, जमाखर्च, कीर्द यांना मोडी आणि ग्रंथाला बाळबोध अशी ही वाटणी होती.

अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब ही की, दोन वळणांची प्रयोजने वेगळी आहेत हे शिकणाऱ्यालाही दिसत होते. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे घोटणारा मुलगा पुढे मोडी लिहू लागे, तेव्हा मोडी कशासाठी शिकायची हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नसे. घरातील, दुकानातील, कचेरीतील प्रत्येक कागद त्याच लिपीत होता. पंतोजींच्या शाळेतील छडी आणि पाठांतर यांचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही, परंतु ‘हे वळण कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर त्या व्यवस्थेत होते. आज इंग्रजी कर्सिव्हच्या बाबतीत ते उत्तर बहुधा शिक्षकाजवळही नसते. मोडी आता पुराभिलेखागारे, विद्यापीठे आणि हौशी अभ्यासकांचे वर्ग येथे शिकवली जाते. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिचा समावेश झाला, त्यामुळे संगणकावर तिची सोय झाली आहे. शाळेत ती परत यावी असे सुचवण्याचा येथे उद्देश नाही.

इंग्रजी कर्सिव्हची वाटचाल

पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीला उचलून पुन्हा टेकवताना शाई सांडण्याचा आणि डाग पडण्याचा धोका असतो. त्यामुळे व्यवहारातील वेगवान लेखन जगभर सलगतेकडे झुकले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्लॅट रॉजर्स स्पेन्सर यांचे नक्षीदार वळण प्रतिष्ठित होते. व्यापार वाढला तसे ते मंद वाटू लागले आणि ऑस्टिन नॉर्मन पामर यांनी १८९४ मध्ये व्यापारी लेखनाची आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. पामर यांचा मुख्य आग्रह असा की, लेखन बोटांनी न करता दंडाच्या व पुढल्या हाताच्या हालचालीने करावे. अक्षरांआधी गोल व तिरप्या रेघांचे सराव त्यांच्या वर्गात रोज होत असत. आज त्यांच्या पद्धतीतील कवायतीचा भाग त्याज्य वाटतो, परंतु सुंदर आकारापेक्षा थकवा न आणणारी हालचाल महत्त्वाची, हा त्यांचा मुद्दा जुना झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये एडवर्ड जॉनस्टन यांच्या सुलेखनविषयक विचारांच्या प्रभावातून सुटी, मुद्राक्षरांसारखी लिपी बालवर्गात आली. पुस्तकातील आणि वहीतील अक्षर सारखेच असल्याने वाचन सोपे झाले. तेव्हापासून अनेक इंग्रजीभाषक देशांत ‘आधी सुटे, मग सलग’ असा दोन टप्प्यांचा क्रम पडला. या क्रमाची अडचण अशी की, सात-आठ वर्षांच्या वयात नुकताच बसलेला हात पुन्हा मोडावा लागतो. त्यावर उपाय म्हणून दोन दिशांनी प्रयत्न झाले. मॅरियन रिचर्डसन यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकमालेत अक्षरांचा पाया म्हणून लहरी, कमानी आणि वेटोळी यांचे नमुने मुलांकडून काढून घेतले. अमेरिकेत डोनाल्ड थर्बर यांनी १९७८ मध्ये सुट्या अक्षरालाच तिरकेपणा आणि शेपूट देऊन पुढे ते सहज जोडता येईल अशी रचना केली. फ्रान्सने मात्र दुसरा टप्पाच ठेवला नाही. तेथे सहाव्या वर्षी औपचारिक लेखन सुरू होते ते कर्सिव्हनेच. त्याआधीची बालशाळेतील वर्षे हाताच्या हालचालींसाठी असतात आणि वहीसुद्धा त्यासाठी खास आखलेली असते. आठ मिलिमीटरच्या मुख्य ओळींत दोन-दोन मिलिमीटरवर पुसट रेघा असलेली सेयेस आखणी १८९२ पासून प्रचलित आहे.

अलीकडच्या काळात हा विषय शिक्षणाच्या धोरणात पुन्हा आला. अमेरिकेतील २०१० च्या सामाईक अभ्यासनिकषांत कर्सिव्हचा उल्लेख नव्हता. पुढे अनेक राज्यांनी आपापल्या कायद्याने ते परत आणले. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये पहिली ते सहावीसाठी तशी तरतूद केली. फिनलंडने २०१६ पासून सलग लेखनाची सक्ती काढली, तेव्हा तेथे हस्तलेखनच बंद झाले अशा बातम्या पसरल्या. वास्तविक सुटे हस्तलेखन तेथे चालूच राहिले.

मराठी माध्यमातील मूल आणि चार ‘एबीसीडी’

मराठी माध्यमात पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीला ‘पहिली एबीसीडी, दुसरी, तिसरी आणि चौथी’ हे शब्दप्रयोग आठवत असतील. मोठी सुटी, लहान सुटी, मोठी कर्सिव्ह आणि लहान कर्सिव्ह असे ते चार संच. एकाच भाषेची सव्वीस अक्षरे चार वेळा शिकावी लागतात, म्हणजे एकशे चार आकार, आणि यांपैकी कोणता कुठे वापरायचा हे बहुधा सांगितलेच जात नसे. ‘चौथी येते’ ही मिरवण्याची बाब होती. शिकण्याचा क्रमही संचाच्या क्रमांकानुसार असे, त्यामुळे सर्वांत कमी वेळा लागणारी मोठी कर्सिव्ह अक्षरे आधी येत आणि रोज लागणारी लहान अक्षरे शेवटी. मोठ्या ‘क्यू’चे किंवा ‘झेड’चे वेलबुट्टीदार रूप घोटण्यात गेलेला वेळ हा शिक्षणातील एक मूक अपव्यय म्हटला पाहिजे.

२००० साली महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. इंग्रजी लवकर यावे की उशिरा, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. लेखनाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम निश्चित झाला. पूर्वी देवनागरीवर चार वर्षे हात बसल्यानंतर रोमन लिपी भेटत असे, आता सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन्ही लिप्या एकाच वर्षी भेटतात. त्यात शाळेने कर्सिव्हची घाई केली, तर तीन लेखनव्यवस्था एकाच चिमुकल्या हातात येतात.

या दोन लिप्यांचा भौतिक स्वभाव निराळा आहे. देवनागरी अक्षर ओळीला लटकते, रोमन अक्षर ओळीवर बसते. दुरेघी वहीत मराठी लिहिणाऱ्या मुलाचे लक्ष वरच्या रेघेवर असते. तेच मूल चाररेघी वही उघडते तेव्हा त्याला खालून दुसरी रेघ ही बैठक मानावी लागते, काही अक्षरे तिच्या खाली उतरवावी लागतात आणि काही सर्वांत वरच्या रेघेला भिडवावी लागतात. चार रेघांमधील कोणती रेघ ‘जमीन’ आहे हे स्वतंत्रपणे न शिकवता थेट कित्ता गिरवायला देणे ही अत्यंत सार्वत्रिक चूक आहे. मुलाचे अक्षर रेघेवर तरंगते, त्याखाली लाल शेरा पडतो आणि ‘अक्षर वाईट’ हा शिक्का सहाव्या-सातव्या वर्षीच बसतो. ज्या मुलाच्या घरी कोणी इंग्रजी लिहीत नाही त्याला हा शिक्का पुसण्याचे साधन शाळेबाहेर मिळत नाही. पुढे अनेक मुले कमी लिहू लागतात. उत्तर माहीत असूनही दोन ओळींत आटोपणारा विद्यार्थी महाविद्यालयात दिसतो, तेव्हा त्या कंजूषपणाचे मूळ कधीकधी या चाररेघी वहीत असू शकते.

तरीही देवनागरीचे शिक्षण हे कर्सिव्हच्या वाटेतील विघ्न मानण्याचे कारण नाही. उलट तिच्यात कर्सिव्हला उपयोगी पडणाऱ्या किमान दोन सवयी दडलेल्या आहेत. ‘व’ काढताना गोलाई उजवीकडून निघून डावीकडे वळते, खालून फिरून पुन्हा उजवीकडे येते आणि मग दांडी उतरते. लहान कर्सिव्ह ‘ए’, ‘डी’ आणि ‘जी’ यांची मूळ हालचाल हीच आहे. दुसरी सवय शिरोरेघेची. मराठी मूल शब्दातील अक्षरे आधी लिहिते आणि शब्द संपल्यावर मागे येऊन वर रेघ ओढते. कर्सिव्हमध्ये ‘आय’चा टिंब आणि ‘टी’ची आडवी रेघ याच पद्धतीने, शब्द संपल्यावर द्यायची असते. ‘आधी शब्द, मग रेघ’ एवढे म्हटले तरी मराठी मुलाला ही गोष्ट समजते. इंग्रजी माध्यमासाठी बनवलेल्या कित्त्यांच्या पुस्तकांत हा दुवा सापडण्याची अपेक्षा करता येत नाही. तो मराठी शिक्षकानेच दाखवायचा आहे. (घाईत लिहिणारे मराठी विद्यार्थी पुढे शिरोरेघच सोडून देतात, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकांना सांगायला नको. गतीची गरज प्रत्येक लिपीत आपली वाट काढते.)

अक्षरकुलांचा क्रम

मराठी प्राथमिक शाळांनी एक मोलाची गोष्ट फार पूर्वी स्वीकारली. वर्णमालेचा क्रम सोडून ‘ग, म, भ, न’ यांसारख्या अक्षरगटांपासून लेखन-वाचन सुरू करण्याची रीत रूढ झाली. या चारही अक्षरांना उजवीकडे उभी दांडी आहे. एक वळण हाताला आले की चार अक्षरे जवळ येतात आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द तयार होतात. आश्चर्य हे की, ज्या वर्गात मराठी ‘गमभन’ने सुरू होते त्याच वर्गात इंग्रजी कर्सिव्ह मात्र ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत क्रमाने शिकवले जाते. वर्णानुक्रम हा शब्दकोश चाळण्यासाठी उपयोगी आहे, हाताच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. ‘ए’ नंतर ‘बी’ येते, परंतु त्या दोन अक्षरांच्या हालचाली एकमेकींना काहीच शिकवत नाहीत.

कर्सिव्हची लहान अक्षरे हालचालीवरून चार कुलांत बसवता येतात. पहिले कुल डावीकडे वळणाऱ्या गोलाईचे : ‘सी, ए, डी, जी, क्यू, ओ’. दुसरे खालून वर जाऊन सरळ उतरणाऱ्या रेघेचे : ‘आय, टी, यू, डब्ल्यू, जे’. तिसरे वेटोळ्याचे : ‘ई, एल, एच, के, बी, एफ’. चौथे कमानीचे : ‘एन, एम, व्ही, एक्स, वाय, झेड’. ‘आर’, ‘एस’ आणि ‘पी’ ही अक्षरे निरनिराळ्या पद्धतींत निरनिराळ्या जागी ठेवली जातात, त्यांत अडकून पडण्याचे कारण नाही. पहिल्या दोन कुलांतील सात-आठ अक्षरे येताच ‘कॅट’, ‘कट’, ‘डॉग’ असे शब्द सलग लिहिता येतात. सलग लेखनाचा अनुभव शब्दातच येतो. एकच कर्सिव्ह अक्षर ओळभर सुटे सुटे लिहून घेणे म्हणजे चालणे शिकवण्यासाठी मुलाला एकाच पावलावर उभे करणे होय.

अक्षरांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व जोडांना आहे. बहुतेक अक्षरे खाली, बैठकीच्या रेघेवर संपतात आणि तेथून पुढचे अक्षर उचलतात. ‘बी, ओ, व्ही, डब्ल्यू’ ही चार मात्र वरच्या बाजूस संपतात, त्यामुळे त्यांच्यानंतरच्या अक्षराचा आरंभ बदलतो. ‘ओ’ नंतरचे ‘एन’ आणि ‘ए’ नंतरचे ‘एन’ सुरुवातीला सारखे दिसत नाही. मुलांच्या वह्यांतील अवाचनीय शब्दांची मोठी संख्या या वरच्या जोडांपाशी सापडते. परंतु बाजारातील कित्त्यांत सव्वीस अक्षरांना सव्वीस पाने असतात आणि जोडांना एखादे. ‘ई’ आणि ‘एल’ यांचा आकार एकच असून फरक फक्त उंचीचा आहे. ‘ए’चे तोंड उघडे राहिले तर ‘यू’ होतो. ही ठिकाणे शिक्षकाने फळ्यावर मुद्दाम चुकवून दाखवावीत आणि मुलांकडून चूक ओळखून घ्यावी. दुसरी-तिसरीतील मुले हा खेळ आनंदाने खेळतात.

लेखणी हातात येण्यापूर्वीचा टप्पा भारतीय बालशिक्षणाला अपरिचित नाही. मारिया माँटेसरी यांनी खरकाग्रदाची, म्हणजे पॉलिश कागदाची अक्षरे बोटाने गिरवून घेण्याची पद्धत घातली आणि त्यांच्या मूळ प्रयोगातील ती अक्षरे कर्सिव्ह वळणाची होती. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूंवर भर दिला. त्या परंपरेत वाळू, माती, पाण्यात बुडवलेले बोट आणि काळी पाटी ही कर्सिव्हसाठीही पुरेशी साधने आहेत. हवेत संपूर्ण हाताने मोठे ‘एल’ काढणे, पाटीवर तेच करणे आणि मग वहीत उतरवणे हा क्रम खर्चाचा नाही. पाटी गेली आणि पहिलीतच बॉलपेन आले, हे या दृष्टीने हानिकारक आहे. बॉलपेनला दाब द्यावा लागतो आणि दाबाखाली आवळलेल्या बोटांना वळता येत नाही. शिसपेन्सिल तुलनेने बरी.

संशोधनातून काय सिद्ध होते

कर्सिव्हच्या समर्थनार्थ ‘मेंदूचा विकास होतो’ असे विधान सर्रास केले जाते. त्याचा आधार काय, हे महाविद्यालयीन वाचकाने तपासून घेतले पाहिजे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांचा २०१२ चा अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षरे स्वतः काढली, गिरवली आणि कळफलकावर टंकित केली. नंतर ती अक्षरे पाहताना वाचनाशी संबंधित मेंदूची क्षेत्रे मुख्यतः स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत सक्रिय झाली. हा अभ्यास थोड्या मुलांवर केलेला आहे आणि त्यातील अक्षरे सुटी होती. म्हणजे तो हस्तलेखनाची बाजू घेतो, कर्सिव्हची नव्हे. आपल्या दृष्टीने त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे : गिरवण्याचा परिणाम स्वतः काढण्याइतका झाला नाही. आपल्याकडील सुलेखनाची सारी मदार तर ठिपक्यांवरून गिरवण्यावर आहे. गिरवताना मूल ठिपक्यांचा पाठलाग करते, अक्षराचा आकार त्याला मनात उभा करावा लागत नाही. ठिपके पहिल्या दोन-चार वेळांपुरते ठेवून पुढची ओळ कोरी सोडणे, एवढा बदलही लाभदायक ठरावा.

स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये चौथी ते नववीच्या सहाशे विद्यार्थ्यांचे लेखन तपासले. शुद्ध सुटे आणि शुद्ध कर्सिव्ह लिहिणाऱ्यांच्या गतीत फरक आढळला नाही, मिश्र वळण वापरणारे मात्र अधिक वेगवान होते. जेथे जोड सोपा तेथे जोडायचे आणि जेथे अडते तेथे लेखणी उचलायची, असे ते वळण. क्युबेकमधील दुसरीच्या मुलांवर मोरिन, लाव्वा आणि माँटेसिनो-जले यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लागोपाठ दोन वळणे शिकाव्या लागलेल्या वर्गांची प्रगती एकच वळण शिकलेल्यांच्या तुलनेने कमी दिसली. या दोन अभ्यासांतून मराठी शाळेसाठी काही अनुमान काढायचे झाले, तर ते असे : लवकर शिकवण्यापेक्षा एका वळणावर हात बसू देणे महत्त्वाचे, आणि सलगतेचा हट्ट शंभर टक्के नको. पहिली-दुसरीत देवनागरी आणि सुटी लहान रोमन अक्षरे, तीही शेपूट असलेली, आणि तिसरी-चौथीत लहान अक्षरांचे कर्सिव्ह असा क्रम अधिक सुसह्य वाटतो. मोठ्या अक्षरांसाठी सुटे रूपच चालू ठेवण्यास हरकत नसावी. रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा दिलेल्या पाच पानांच्या गृहपाठापेक्षा निश्चितच हितावह. शिक्षा म्हणून दिलेल्या शंभर ओळींनी तर अक्षर बिघडतेच, कारण तेथे मुलाचे सारे लक्ष ओळी संपवण्याकडे असते.

डावखुरी मुले आणि मूल्यमापन

साधारणपणे दहा माणसांत एक डावखुरा असतो, म्हणजे चाळीसच्या वर्गात तीन-चार मुले. उजवीकडे झुकलेले, डावीकडून उजवीकडे ढकलत न्यावे लागणारे कर्सिव्ह या मुलांना सर्वांत जड जाते. त्यांचा हात लिहिलेल्या मजकुरावरून जातो आणि तो झाकतो. कागद उजवीकडे तिरपा ठेवणे, पेन्सिल टोकापासून थोडी वर धरणे, अक्षराला उभे किंवा किंचित डावीकडे झुकू देणे आणि बाकावर डाव्या टोकाला बसवणे, एवढ्या सवलती पुरतात. हात बदलायला लावण्याची जुनी रीत अजूनही कोठे कोठे दिसते. ती सोडून द्यावी.

मूल्यमापनाचा प्रश्न याहून अवघड आहे. सुलेखनाची वही तपासणारा शिक्षक तयार अक्षर पाहतो, ते कसे तयार झाले हे त्याला दिसत नाही. ‘ओ’ उजवीकडून वळवून काढलेला असो वा उलटा, कागदावर तो सारखाच गोल दिसतो. उलटा काढणाऱ्या मुलाला पुढच्या अक्षराशी जोडताना मात्र दरवेळी हात उचलावा लागतो. त्यामुळे कर्सिव्हचे खरे मूल्यमापन मूल लिहीत असताना, त्याच्या शेजारी उभे राहूनच होऊ शकते. हात कोठून निघतो, कोठे थांबतो, बोटे पांढरी पडतात का, खांदा वर उचलला जातो का, शब्दाच्या मध्ये पेन्सिल किती वेळा उचलली जाते, या नोंदी वहीवरील गुणांपेक्षा उपयुक्त आहेत. पन्नास मुलांच्या वर्गात हे अशक्य आहे असा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. तथापि रोज पाच मुले पाहिली तरी दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो.

मराठीत हस्ताक्षराला ‘वळण’ असा सुंदर शब्द आहे. वळणदार अक्षर आपण म्हणतो, आणि मुलाला वळण लावणे असेही म्हणतो. दोन्हीकडे मूळ कल्पना वळण्याची, म्हणजे हालचालीची आहे. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला फळ्यावर चांगले अक्षर काढता यावे यासाठी फलकलेखनाचा सराव दिला जातो, परंतु मुलाच्या हाताची हालचाल पाहायची कशी, हे त्याच्याकडून क्वचितच करून घेतले जाते. सराव पाठांच्या काळात प्रत्येक छात्राध्यापकाने एका मुलाच्या लेखनाचे आठवडाभर, वही मिटून, केवळ हाताकडे पाहून निरीक्षण नोंदवावे, एवढी भर घालण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची किंवा वेगळ्या तासिकेची गरज पडणार नाही. महाविद्यालयांच्या शिक्षणशास्त्र विभागांना हे काम परिसरातील एखाद्या प्राथमिक शाळेच्या साहाय्याने चालू सत्रातही सुरू करता येण्यासारखे आहे.